रक्त कमी असलेल्या आईचा चीक: एका ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

मागच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय, "बाळंतपणाच्या वेळी माझ्या मुलीचं एचबी (हिमोग्लोबिन) ७.६ होतं. पहिले तीन दिवस दूध जेमतेम. आणि तुम्ही म्हणता, रक्त कमी असलं तरी चीक उत्तमच. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? आणि येत असेल, तर लाल गोळ्या गिळायच्या तरी कशाला?"

आधी माझी चूक मान्य करते. चिकाला, म्हणजे बाळंतपणानंतरच्या पहिल्या घट्ट दुधाला, 'उत्तमच' हा शब्द मी सरसकट वापरला, तो तसा वापरायला नको होता.

पण लोहाच्या बाबतीत ती म्हण खरंच लागू पडत नाही. दुधात किती लोह सोडायचं हे स्तनातल्या पेशी ठरवतात, आणि त्या आईच्या एचबीवर फारशा अवलंबून नसतात. बनारस हिंदू विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सौम्य आणि मध्यम रक्तक्षय (म्हणजे रक्त कमी) असलेल्या आयांच्या दुधात लोह लक्षणीय कमी नव्हतं. तीव्र रक्तक्षयात मात्र ते कमी आढळलं. त्याच अभ्यासात नाळेतल्या रक्तातलं लोह मात्र रक्तक्षय असलेल्या आयांच्या बाळांमध्ये कमी भरलं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. बाळाला पहिले काही महिने पुरणारं लोह मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत, पोटात असतानाच साठतं. दुधात ते मुळातच थोडं असतं, नंतरच्या दुधात तर लिटरमागे अर्धा मिलिग्रॅमही नाही. म्हणजे तूट पडते ती पोटातल्या साठ्यात. लाल गोळ्या, म्हणजे लोहाच्या गोळ्या, त्या साठ्यासाठी आणि तुमच्या लेकीच्या जिवासाठी. म्हणूनच जन्मानंतर नाळ कापायला एक ते तीन मिनिटं थांबतात. तेवढ्या वेळात बाळाच्या अंगात आणखी रक्त जातं.

तुमची म्हण खरी ठरते ती बी१२ आणि अ जीवनसत्त्वाच्या बाबतीत. ही आईच्या अंगात नसतील, तर दुधातही कमी उतरतात. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी१२ची कमतरता पुष्कळ दिसते, आणि तीही रक्तक्षयाचं एक कारण आहे. नुसतं लोह देऊन ती भरून निघत नाही. हे मागच्या लेखात यायला हवं होतं.

आता तुमच्या लेकीचं 'जेमतेम' दूध. मी बरीच वर्षं प्रसूती वॉर्डात काम केलंय. एका बाळंतिणीचं एचबी असंच सातच्या घरात होतं. पापणी खाली ओढली तर आत पांढुरकं. बाळाला छातीशी धरायची, आणि दोन मिनिटांत तिचीच मान कलंडायची. मग तिला कुशीवर झोपवून आम्ही हाताने चीक काढला. वाटीच्या तळाला चिकटेल एवढाच, हळदीसारखा पिवळा, चिकट. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्याने काय होतंय?" पण पहिल्या दिवशी निरोगी आईलाही एका वेळी चमचाभरच येतो, आणि बाळाच्या पोटाला तो पुरतो. त्यात संसर्गाशी लढणारी प्रथिनं ठासून भरलेली असतात. आम्ही तो चमच्याने पाजला, थोडा थोडा करून, दर दोन तासांनी.

मात्र रक्त कमी असलेल्या बाईला थकवा फार येतो, आणि बाळंतपणात रक्तस्राव जास्त झाला असेल, तर दूध उतरायला उशीरही लागतो. तुमच्या मुलीचं तसंच झालं असावं. त्यात तिचा दोष नाही, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचं दूध दिलं असेल, तर त्याचीही खंत नको.

आता तिच्यासाठी एवढं करा. बाळंतपणानंतरही १८० दिवस लोहाची गोळी रोज घ्यायची असते. बऱ्याच घरांत ती दवाखान्यातून आल्याबरोबर बंद होते. गोळी चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको. लिंबू पिळलेल्या जेवणानंतर चालेल. एचबी पुन्हा तपासा, आणि बी१२ची तपासणी डॉक्टरांना आवर्जून विचारा. बाळाला सहा महिने झाले की वरचं अन्न सुरू करा, आणि लोहाच्या औषधाबद्दल आशाताईंना विचारा. बाळाच्या जन्माच्या वेळी आईचं एचबी किती होतं, हे बाळाच्या डॉक्टरांना आजच सांगून ठेवा.

मूळ लेखातलं ते वाक्य मी आज दुरुस्त केलंय. लेकीच्या तपासणीत काय निघालं ते इथेच कळवा, मी वाट बघते.