‘प्राइम कट्स’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर: गाणी तीच, रेकॉर्डिंग्ज वेगळी

नमस्कार,

प्रतिक्रिया चांगलीच खरपूस आहे, त्यामुळे दोन ओळींत उत्तर उरकणं बरं दिसणार नाही. मूळ लेख न वाचलेल्यांसाठी आधी तुमचं म्हणणं सांगतो. सुइसायडल टेन्डन्सीज या कॅलिफोर्नियातल्या व्हेनिसच्या बँडचा ‘प्राइम कट्स’ (१९९७) हा निवडक गाण्यांचा अल्बम. मी त्याला ‘अर्धवट बेस्ट ऑफ’ म्हटलं होतं. तुमचं म्हणणं असं: गाणं तेच असताना रेकॉर्डिंग कुठल्या सालचं याचा कीस पाडणं हा नुसता शिष्टपणा आहे. नव्याने केलेली रेकॉर्डिंग्ज जुन्यांपेक्षा सरस वाजतात. जुन्या गाण्यांच्या उगमाबद्दल मी चूक केली आहे. आणि माझ्या सल्ल्यावरून तुम्ही मूळ गाण्यांची यादी जमवली, तर ‘एक गाणं कुजबुजतं आणि पुढचं कानठळ्या बसवतं’.

चुकीपासून सुरुवात करतो, कारण ती माझीच आहे. ‘सुरुवातीच्या काळातली सगळी गाणी ‘स्टिल सायको आफ्टर ऑल दीज इयर्स’वरून उचलली आहेत’ असं मी सरसकट लिहून टाकलं. ते चूक. ‘पझेस्ड टू स्केट’ १९९३ च्या त्या अल्बमवर नाहीच. त्यावर आहे ते ‘पझेस्ड’, म्हणजे १९८३ च्या पहिल्या अल्बममधलं वेगळंच गाणं. ‘पझेस्ड टू स्केट’ आलं १९८७ साली ‘जॉइन द आर्मी’ या दुसऱ्या अल्बमवर, आणि ‘प्राइम कट्स’साठी ते पुन्हा वाजवून ‘गो स्केट!’ या नावाने, कंसात ’९७ घालून दिलं आहे. नावसाधर्म्याने घात केला. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

पण या दुरुस्तीने माझा मुद्दा उलट पक्का होतो. १९८० च्या दशकातली तीन गाणी घ्या: ‘इन्स्टिट्यूशनलाइज्ड’, ‘आय सॉ युअर मॉमी’ आणि ‘पझेस्ड टू स्केट’. तिन्ही लोकप्रिय, आणि तिन्हींची मूळ रेकॉर्डिंग्ज या अल्बमवर नाहीत. हा योगायोग नव्हे, हा हक्कांचा हिशेब आहे. पहिला अल्बम फ्रंटियर रेकॉर्ड्सचा, दुसरा कॅरोलाइनचा. १९८८ च्या ‘हाउ विल आय लाफ टुमॉरो’पासून १९९४ च्या ‘सुइसायडल फॉर लाइफ’पर्यंतचा माल एपिकचा, आणि ‘प्राइम कट्स’ही एपिकनेच काढला. गाण्याचे शब्द आणि चाल हा एक हक्क, त्याच्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा, म्हणजे मास्टरचा, हक्क निराळा. दुसऱ्याचं मास्टर वापरायचं तर त्याच्याकडून परवाना घ्यावा लागतो, पैसे मोजावे लागतात. स्वतःचंच गाणं पुन्हा वाजवून नवं मास्टर बनवायला मात्र, करारातली मुदत उलटून गेली असेल, तर सहसा कुणी अडवत नाही. १९९३ साली पहिला अल्बम अख्खा नव्याने रेकॉर्ड करून ‘स्टिल सायको’ निघाला, आणि एपिकच्या कपाटात ‘इन्स्टिट्यूशनलाइज्ड’ची स्वतःची प्रत आली. चार वर्षांनी ‘बेस्ट ऑफ’ काढताना तीच हाताशी होती. म्हणून मी म्हणतो, हा बँडचा आढावा कमी आणि एका कंपनीच्या कपाटाचा आढावा जास्त.

आता शिष्टपणाचा आरोप. सगळ्याच गाण्यांच्या बाबतीत मी एवढा कीस पाडणार नाही. ‘आय सॉ युअर मॉमी’चं १९९३ चं रेकॉर्डिंग ऐकून कुणी तृप्त होत असेल तर माझी काही तक्रार नाही. पण ‘इन्स्टिट्यूशनलाइज्ड’चं तसं नाही. ते गाणं जवळजवळ एक स्वगत आहे. एक मुलगा आपल्या खोलीत गप्प बसला आहे, आई येते, तो म्हणतो मला काही झालेलं नाही, फक्त एक पेप्सी हवी होती, आणि बघता बघता घरचे त्याला वेडात काढतात. गायक माइक म्यूर तेव्हा वीस वर्षांचा होता. आवाज पोरसवदा आहे, वाक्यं एकमेकांवर आदळतात, श्वास चुकीच्या ठिकाणी घेतला जातो. ड्रम्स आधी रमतगमत चालतात, मग बोलणं चढतं तसा वेग चढतो आणि कोरसला सगळं एकदम फुटतं. १९९३ मध्ये तोच माणूस तिशीचा आहे. तो ही भूमिका उत्तम वठवतो, पण वठवतो. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये भूमिका आहे अशी शंकाही येत नाही. १९८४ च्या ‘रेपो मॅन’ चित्रपटात आहे ते पहिलंच.

तुमचा दुसरा मुद्दा मला निम्मा मान्य आहे. गाडीत, खिडक्या उघड्या ठेवून ऐकायचं असेल तर १९९३ चं रेकॉर्डिंग बाजी मारतं. पहिल्या अल्बमचा आवाज कोरडा, गिटार पातळ, खालचा सूर कमी. नव्यात रॉकी जॉर्ज आणि माइक क्लार्क अशा दोन गिटार आहेत, आणि बेसवर रॉबर्ट ट्रुहियो. हाच पुढे २००३ मध्ये मेटॅलिकात गेला, आणि ३० ऑक्टोबर २०११ ला बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर आपल्याकडच्या कित्येकांनी त्याला खेकड्यासारखं वाकून बेस वाजवताना पाहिलं. रस्त्याच्या गोंगाटात खालचे सूर आधी मरतात, त्यामुळे मूळ रेकॉर्डिंग तिथे नुसतं चरचरतं. पण ‘गाडीत बरं लागतं’ आणि ‘सरस आहे’ यांत अंतर आहे. आणि १९८३ चा अल्बम ‘कच्चा’ आहे म्हणून थ्रॅशच्या, म्हणजे वेगवान, जड मेटलच्या मापाने त्याला नापास करू नका. तो हार्डकोर पंकचा अल्बम आहे: बारा गाणी, अर्ध्या तासाच्या आत खेळ खलास. गिटारवादक ग्रँट एस्टेसचे सोलो सोडले तर मेटल त्यात शोधूनच काढावं लागतं. थ्रॅश येतो तो रॉकी जॉर्ज आल्यावर: पाम म्युटिंगचे दाबून वाजवलेले रिफ, पाच-सहा मिनिटांची गाणी, मधोमध वेग तोडणं.

‘दोन्ही रेकॉर्डिंग्ज एकच आहेत, फक्त रीमास्टर केलंय’ (म्हणजे जुन्याच रेकॉर्डिंगचा आवाज नव्याने बसवलाय) असंही तुम्ही ओघात लिहिलं आहे. याची खात्री घरबसल्या करता येते. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही फाइली दोन ट्रॅकवर उघडा. झूम करून दोन्हींतला पहिला ठळक स्नेअरचा ठोका शोधा आणि एक क्लिप सरकवून दोन्ही ठोके एका रेषेत आणा. एमपीथ्री असेल तर सुरुवातीला एन्कोडरमुळे पंचवीसेक मिलिसेकंदांची रिकामी जागा येते, म्हणून फाइलींचे आरंभ जुळवून उपयोग नाही, ठोकेच जुळवायला हवेत. मग एक ट्रॅक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे पॅन करा आणि हेडफोन लावा. रेकॉर्डिंग एकच असेल तर रीमास्टर कितीही वेगळा असो, ड्रम शेवटपर्यंत डोक्याच्या मधोमध राहतात. वेगळं असेल तर थोड्याच वेळात ठोके फाटतात, कधी डावा पुढे, कधी उजवा. ‘इन्स्टिट्यूशनलाइज्ड’ या परीक्षेला फारच सोयीचं आहे, कारण त्यातला वेग माणसाने हाताने वाढवलेला आहे आणि तसाच्या तसा तो दुसऱ्यांदा वाढणं शक्य नाही. एक सावधगिरी: रेकॉर्डवरून (काळ्या तबकडीवरून) उतरवलेली फाइल असेल तर टर्नटेबलच्या वेगातल्या फरकानेही ठोके फाटतात. पण तेव्हा ते एकाच दिशेने, हळूहळू आणि सारख्या गतीने सरकत जातात. मागेपुढे होत असतील तर वाजवणारे हातच वेगळे.

एवढी खटपट नको असेल तर छापील मजकूर वाचा. सीडीच्या मागे वर्तुळातला ‘पी’ आणि वर्तुळातला ‘सी’ अशा दोन खुणा असतात. ‘सी’ मुखपृष्ठ आणि मजकुराच्या हक्काचा, ‘पी’ रेकॉर्डिंगचा. आपल्याला ‘पी’पुढचं साल आणि कंपनीचं नाव बघायचं असतं. स्ट्रीमिंगवर हीच ओळ अल्बमच्या पानाच्या तळाशी असते. गाण्याच्या नावाशेजारी दिसणाऱ्या सालावर विसंबू नका. ते पुष्कळदा पुन्हा काढलेल्या आवृत्तीचं असतं.

आता कुजबुज आणि कानठळ्या. तुम्ही जे केलं त्यात चूक नाही, फक्त एक पायरी राहिली. १९८० च्या दशकातल्या सीड्या साधारण हलक्या पातळीवर मास्टर केल्या जात. नव्वदीच्या मध्यापासून लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारं साधन) लावून सगळं वर रेटायची टूम निघाली. त्यात काही गाणी तुम्ही जुन्या सीडीवरून आणि काही रीमास्टरवरून घेतली असतील, तर फरक आणखी वाढतो. उपाय रीप्लेगेनचा, म्हणजे प्रत्येक गाण्याचा मोठेपणा मोजून वाजवताना तो सारख्या पातळीवर आणण्याचा. फूबार या म्यूझिक प्लेअरमध्ये सगळी गाणी निवडा आणि प्रत्येक फाइलचा स्वतंत्र ‘ट्रॅक गेन’ मोजायला लावा. ‘अल्बम गेन’ नको, तो एका अल्बममधल्या गाण्यांचे आपसातले चढउतार जपण्यासाठी असतो. तुमच्या यादीत पाच-सहा अल्बम आहेत, ‘अल्बम गेन’ने एका अल्बमचं हळू गाणं दुसऱ्याच्या दणदणाटाशेजारी दबूनच राहील. मग प्लेबॅकच्या सेटिंगमध्येही ‘ट्रॅक’ निवडा आणि क्लिपिंग (आवाज फाटणं) टाळण्याचा पर्याय चालू ठेवा. ही पायरी हमखास विसरली जाते: गेन मोजून टॅगमध्ये बसलेला असतो, पण प्लेअर तो वापरतच नाही. रीप्लेगेनची आताची पातळी उणे १८ एलयूएफएस (कानाला वाटणाऱ्या मोठेपणाचं माप) धरलेली आहे, त्यामुळे सगळंच जरा हळू वाटेल. आवाजाचं बटण फिरवा, गेनशी खेळू नका. आणि एमपीथ्री पुन्हा एन्कोड करून ‘नॉर्मलाइज’ तर अजिबात करू नका. ते पीक, म्हणजे आवाजाचं सर्वांत उंच टोक, जुळवतं, कानाला वाटणारा मोठेपणा नाही, वर दर्जाही घसरतो.

सीडीवर जाळायची असेल तर प्लेअरचा गेन तिथे आपोआप उतरत नाही. बर्निंगच्या आधी गेन लावून वेव्ह फाइली बनवाव्या लागतात.

यादीचा क्रम हा खरा गंमतीचा भाग, आणि ‘प्राइम कट्स’वरचा माझा मोठा राग तिथेच आहे. तिथे काळाचा क्रम नाही. सुरुवात १९९० च्या ‘यू कान्ट ब्रिंग मी डाउन’ने होते आणि पुढे वर्षं पिसल्यासारखी येतात. पंकमधून थ्रॅश कसा उगवला आणि थ्रॅशमध्ये फंक कुठून शिरला हे त्यात ऐकूच येत नाही. साल लावून ऐका: १९८३ मधून ‘सब्लिमिनल’, ‘आय सॉ युअर मॉमी’, ‘मेमरीज ऑफ टुमॉरो’, ‘इन्स्टिट्यूशनलाइज्ड’. १९८७ मधून ‘पझेस्ड टू स्केट’ आणि ‘वॉर इनसाइड माय हेड’. १९८८ मधून ‘ट्रिप ॲट द ब्रेन’, ‘प्लेज युअर अलीजिअन्स’ आणि शीर्षकगीत. १९८९ चं ‘वेकिंग द डेड’. १९९० मधून ‘यू कान्ट ब्रिंग मी डाउन’ आणि ‘सेंड मी युअर मनी’, जिथे ट्रुहियोचा बेस पहिल्यांदा गाण्याचा मालक होतो. १९९२ मधून ‘नोबडी हिअर्स’ आणि ‘मोनॉपली ऑन सॉरो’. शेवटी ‘आय वॉझन्ट मेन्ट टू फील धिस’ आणि ‘अस्लीप ॲट द व्हील’. ही दोन नावं एकाच ट्रॅकची आहेत, सॉफ्टवेअरने दोन ओळी मागितल्या तरी फाइल कापू नका. ‘ट्रिप ॲट द ब्रेन’ एपिकचंच असून ‘प्राइम कट्स’वर का नाही, याचं समर्थन मला तरी सुचत नाही. तिथे हक्कांचीही सबब नव्हती.

‘मग घेऊ की नको?’ असा तुमचा शेवटचा, जरा चिडलेला प्रश्न आहे. जुनी सीडी स्वस्तात मिळाली तर जरूर घ्या, पण ‘बँडची ओळख’ म्हणून नको. ओळखीसाठी पहिला अल्बम आणि १९९० चा ‘लाइट्स... कॅमेरा... रेव्होल्यूशन!’ हे दोन पुरतात. ‘प्राइम कट्स’ घ्यायचा तो १९९७ सालासाठी. १९९५ मध्ये बँड मोडला होता, आणि पुन्हा उभा राहिला तो गिटारवादक डीन प्लेझंट्स, बेसवादक जॉश पॉल आणि ड्रमर ब्रूक्स वॅकरमन यांना घेऊन. माइक क्लार्क तेवढा जुना. ‘बर्झर्क!’ आणि ‘फीडिंग द ॲडिक्शन’ ही दोन नवी गाणी आणि ‘गो स्केट!’ हे या संचाचे पहिले नमुने. थ्रॅशचं जडपण उतरवून बँड पुन्हा पंककडे वळतो आहे हे ‘गो स्केट!’मध्ये लगेच कळतं: १९८७ चं रेकॉर्डिंग आणि हे एकापाठोपाठ लावा आणि फक्त वॅकरमनच्या ड्रम्सवर लक्ष ठेवा. ही तीन तुमच्या यादीच्या शेवटी जोडा.

राहता राहिलं ‘हाउ विल आय लाफ टुमॉरो’. तुमच्याकडे दोन फाइलींची लांबी वेगवेगळी येते ती बिघाडामुळे नाही. १९८८ च्या अल्बमवर एक, आणि १९८९ च्या ‘कन्ट्रोल्ड बाय हेट्रेड’वर आणखी दोन आहेत: व्हिडिओसाठी कापलेलं एक, आणि ‘हेवी इमोशन’ असं कंसात लिहिलेलं दुसरं. टॅगमधला कंस उडाला की तिन्ही एकाच नावाने दिसतात. तो कंस परत घाला, म्हणजे प्लेअर त्यांना डुप्लिकेट समजून दोन पुसून टाकायला सुचवणार नाही.