‘डीबीएचे शिक्षण म्हणजे पैसे पाण्यात’ या दाव्याचा प्रतिवाद

संगणक क्षेत्रातल्या व्हॉट्सॲप गटांवर आणि लिंक्डइनवर एक दावा सारखा फिरतो आहे. डेटाबेस क्लाउडवर गेल्यामुळे बॅकअप आणि पॅचिंग (सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या बसवणे) क्लाउड कंपनीच करते, ओरॅकलने स्वतःच स्वतःला सांभाळणारा डेटाबेस आणला आहे, क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) संथ झाली तर एआय इंडेक्स (नोंदी पटकन शोधून देणारी सूची) सुचवतो. म्हणून डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा प्रशासक, घडवण्यावर कंपनीने खर्च करणे किंवा कोणी त्या वर्गाची फी भरणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, असा त्याचा आशय आहे. मी बरीच वर्षे डेटाबेस सांभाळले आणि आता ते सांभाळायला शिकवतो. या वादात माझा स्वार्थ आहे हे उघड आहे, म्हणून दाव्यातला एकेक मुद्दा प्रत्यक्ष कामाशी ताडून पाहतो.

पहिला मुद्दा बॅकअपचा. ॲमेझॉनची आरडीएस ही क्लाउडवर डेटाबेस चालवून देणारी सेवा २००९ मध्ये सुरू झाली आणि ती रोजचा बॅकअप आपोआप घेते, हे खरे आहे. पण तो किती दिवस ठेवायचा हे ग्राहकाने ठरवायचे असते आणि त्याची कमाल मर्यादा ३५ दिवस आहे. मार्चअखेरच्या नोंदींतली चूक जूनमध्ये लेखापरीक्षकाला सापडली, तर त्या वेळची स्थिती या बॅकअपमधून मिळणार नाही. तिची वेगळी प्रत काढून ठेवायला हवी, हे कोणाला तरी मार्चमध्येच सुचावे लागते. शिवाय एखाद्या क्षणाची स्थिती परत आणायची म्हटले की आरडीएस चालू डेटाबेस दुरुस्त करत नाही, तर शेजारी नवा डेटाबेस उभा करते. त्याचा पत्ता निराळा असतो. त्यातल्या नेमक्या कोणत्या नोंदी मूळ डेटाबेसमध्ये आणायच्या आणि मधल्या काळात आलेल्या नव्या नोंदींचे काय करायचे, हे माणसालाच ठरवावे लागते.

आमच्या वर्गात यावर एक सराव असतो. सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांनी मी सर्वांसमोर ऑर्डर्सच्या टेबलवर व्हेअरची अट नसलेला, म्हणजे सगळ्याच नोंदी पुसणारा, डिलीट चालवतो आणि कमिट (बदल कायम) करतो. संध्याकाळी सहा वाजता प्रशिक्षणार्थींना ११ वाजून ४० मिनिटांची स्थिती परत आणायला सांगतो. बहुतेक जण कमांडमध्ये ११:४० हीच वेळ लिहितात, नवा डेटाबेस उभा राहीपर्यंत वाट पाहतात आणि टेबल उघडतात, तर ते रिकामेच असते. कमांडला वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, द्यावी लागते. यूटीसीचे ११:४० म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे ५:१०, आणि तोवर नोंदी जाऊन जवळजवळ साडेपाच तास उलटलेले असतात. द्यायला हवी होती ती वेळ ०६:१०. ही चूक वर्गात एकदा करून बसलेला माणूस ती नोकरीत करत नाही. ज्याने ती प्रथमच नोकरीत केली, त्याच्या मागे तेव्हा व्यवस्थापक उभा असतो आणि फोन वाजत असतात.

बॅकअप असणे आणि तो परत उभा राहणे यांत किती अंतर असू शकते, हे ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रॅमचा कोड साठवणाऱ्या सेवेच्या बाबतीत जगाने पाहिले. दुय्यम सर्व्हरवरची पोस्टग्रेस या डेटाबेसची डिरेक्टरी पुसायची होती, ती एका अभियंत्याकडून मुख्य सर्व्हरवर पुसली गेली; सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले. रोजचा डम्प (संपूर्ण डेटाची प्रत) होत असेल असे सर्वांना वाटत होते, पण डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि डम्प घेणारे साधन ९.२ आवृत्तीचे असल्यामुळे तो मुळात होतच नव्हता, आणि तसे कळवणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. शेवटी त्याच अभियंत्याने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेला स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) उपयोगी पडला. गिटलॅबने ही सारी हकीकत स्वतः जाहीर केली, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. हा डेटाबेस त्यांचा त्यांनीच सांभाळलेला होता, आरडीएससारखी सेवा नव्हती, असा आक्षेप कोणी घेईल. तो मान्य आहे. पण खरी उणीव होती ती बॅकअप परत उभा करून पाहण्याची, आणि तुमच्या बॅकअपमध्ये तुम्हाला हवा तोच डेटा आहे की नाही हे कोणतीही क्लाउड सेवा तुमच्या वतीने पाहत नाही.

दुसरा मुद्दा स्वयंचलित डेटाबेसचा. ओरॅकलने आपला ऑटोनॉमस डेटाबेस २०१७ मध्ये जाहीर केला. तो पॅच लावतो, बॅकअप घेतो, बरेचसे ट्यूनिंग स्वतः करतो, आणि हे काम तो चांगले करतो. परंतु अधिकार असलेल्या माणसाने चुकीचा अपडेट चालवून कमिट केला, तर डेटाबेसच्या दृष्टीने तो इतर कोणत्याही व्यवहारासारखाच वैध व्यवहार असतो. कोणाला कोणता अधिकार द्यावा आणि कोणता डेटा किती वर्षे ठेवावा, हेही त्याला बाहेरून सांगावे लागते.

स्वयंचलन काही नवीन नाही, हेही या दाव्यात विसरले जाते. पोस्टग्रेसमधले ऑटोव्हॅक्यूम जुन्या नोंदींची साफसफाई गेली अनेक वर्षे आपोआप करते आहे. व्यवहारांचे क्रमांक ३२ बिटांचे, म्हणजे मर्यादित, असल्यामुळे सुमारे दोन अब्ज व्यवहारांच्या आत जुन्या नोंदी ‘गोठवून’ ठेवाव्या लागतात (म्हणजे त्यांवर कायमच्या जुन्या अशी खूण करावी लागते, आणि हेही ऑटोव्हॅक्यूमच करते), नाहीतर डेटाबेस स्वतःच्या रक्षणासाठी नव्या नोंदी घेणे थांबवतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये मेलचिंपच्या मँड्रिल या ईमेल सेवेत लिखाणाचा भार इतका वाढला की ऑटोव्हॅक्यूम मागे पडले आणि सेवा सुमारे ४० तास विस्कळीत राहिली. यंत्र काम करतच होते. ते मागे पडते आहे हे आकड्यांवरून वेळीच ओळखणारी नजर लागते, आणि ती शिकवावी लागते.

एआयचा मुद्दा लवकर आटोपतो. संथ क्वेरी दिली की तो इंडेक्स सुचवतो आणि पुष्कळदा सूचना योग्यही असते. पण प्रत्येक इंडेक्सचा भार त्या टेबलवरच्या प्रत्येक इन्सर्टवर (नवी नोंद भरण्यावर) पडतो, आणि त्याच टेबलमध्ये रात्रभर लाखो नोंदी भरल्या जातात हे फक्त क्वेरी पाहून कळत नाही. पोस्टग्रेसमध्ये साधा क्रिएट इंडेक्स पूर्ण होईपर्यंत त्या टेबलवरचे लिखाण अडून राहते. कन्करंटली हा एक शब्द जोडला तर ते चालू राहते. तो शब्द राहून गेला आहे हे ज्याला दिसते, त्यालाच ती सूचना सुरक्षितपणे वापरता येते.

या दाव्यातली एक गोष्ट मी मान्य करतो. अनेक वर्गांत अजूनही इन्स्टॉलेशनच्या पायऱ्या आणि प्रमाणपत्र परीक्षेचे पाठ केलेले प्रश्न एवढेच मिळते, आणि त्यावर खर्च करू नये. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. पूर्वी नवा डीबीए पॅच लावता लावता, भरलेली डिस्क मोकळी करता करता आणि रात्री अडकलेला बॅकअप पुन्हा चालवता चालवता हात बसवत असे. ती कामे यंत्राकडे गेल्यामुळे हात बसवण्याची संधीही गेली. उरले आहेत ते फक्त कठीण प्रसंग, जे वर्षातून एखाद्या वेळी येतात. वैमानिकांना इंजिन बंद पडल्याचा सराव सिम्युलेटरमध्ये देतात, तसा हा सराव आता प्रशिक्षणातच द्यावा लागेल.

म्हणून आमच्या अभ्यासक्रमाच्या शेवटी पर्यायी उत्तरांची परीक्षा नसते. प्रत्येकाला बिघडवलेला एक डेटाबेस, बॅकअपचे ठिकाण आणि तीन तास मिळतात. डेटाबेस चालू झाला एवढ्याने कोणी उत्तीर्ण होत नाही. किती नोंदी परत आल्या, कोणत्या परत आल्या नाहीत आणि का, हे ग्राहकाला समजेल अशा साध्या मराठीत एका पानावर लिहून द्यावे लागते.