काखेतला कळसा नीट सांभाळा

स्मरणशक्ती वाढवण्याचे वर्ग हवे तेवढे चालतात. विसरायला शिकवणारं मात्र कुणी नाही. परिणाम असा की लोक विसरतात, पण अगदी हौशी पद्धतीनं. डोक्यावरचा चष्मा घरभर शोधतात आणि सापडला की ओशाळतात. ओशाळायचं काय त्यात? काखेत कळसा ठेवून गावाला वळसा घालायलाही एक बैठक लागते. मला या क्षेत्रात पंचवीस वर्षं झाली. सव्वीसही असतील. तेव्हा चार गोष्टी सांगते, त्या ऐका. लक्ष देऊन मात्र ऐकू नका.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका. विसरायचं म्हणजे आधी लक्षात ठेवायचं आणि मग ते घालवायचं, अशी लोकांची कल्पना असते. ही जुनी आणि खर्चिक पद्धत झाली. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं ती स्वतःवर करून पाहिली. सुमारे २३०० निरर्थक अक्षरगट तयार केले, त्यांच्या याद्या घोकघोक घोकल्या, मग किती विसरलो ते मोजलं आणि १८८५ साली निष्कर्ष छापले. पहिल्या तासाभरातच निम्म्याहून जास्त मेहनत पाण्यात गेली होती. बिचारा! आधी पाठ करायचे कष्ट, मग विसरायचे. आपल्या पद्धतीत गोष्ट डोक्यात शिरूच द्यायची नाही. जे आत आलंच नाही, ते बाहेर जाण्याचा प्रश्न कुठे येतो? किल्ली कुठे ठेवली हे तुम्ही विसरत नाही. किल्ली ठेवली गेली, तेव्हा तुम्ही तिथे नव्हता.

हे एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं आहे. काम हातांना करू द्या आणि स्वतः निघून जा.

सरावाला दाराचं कुलूप घ्या. किल्ली फिरवताना मनानं कालच्या भांडणात असावं, किंवा उद्याच्या. हात किल्ली फिरवतील, कुलूप ओढून पाहतील, किल्ली पर्सच्या त्याच कप्प्यात टाकतील. त्यांना सगळं येतं. मेंदूच्या तळाशी बेसल गँग्लिया नावाचा भाग असतो. सवयीची कामं हळूहळू त्याच्याकडे सोपवली जातात. जुना, मुरलेला कारकून म्हणा; साहेब रजेवर असले तरी फाइल पुढे सरकवतो. फक्त झालेल्या कामाची पावती देत नाही. जिना उतरून फाटकापाशी आलात की नेमकी तीच पावती मागा: कुलूप लावलं का? आता स्मरणात डोकावून बघा. कुलूप लावल्याची आठवण मिळेल, हजार मिळतील, पण सगळ्या एकसारख्या आणि एकीवरही तारीख नाही. आजची कुठली आणि गेल्या पावसाळ्यातली कुठली, ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

मग जिना चढून परत जा. कुलूप असतंच. ओढून बघा. मात्र ओढतानाही मन ठिकाणावर असता कामा नये, नाहीतर एवढा जिना चढलेला फुकट जाईल. बरोबर जमलं, तर दुसऱ्यांदा फाटकापाशी पोहोचल्यावर नवा प्रश्न पडेल: मघाशी वर जाऊन आले खरी, पण कुलूप पाहिलं का? माझी वैयक्तिक मजल तीन फेऱ्यांपर्यंत गेली आहे.

इथे एका धोक्याची सूचना. जपानमधले रेल्वेचालक सिग्नलकडे बोट दाखवून तो काय आहे ते मोठ्यानं म्हणतात. एवढ्यानं माणूस त्या क्षणापुरता जागेवर येतो आणि चुका कमी होतात. असले प्रकार घरात शिरू देऊ नका. कुलूप लावताना “मंगळवार, कुलूप लावलं, पायात चप्पल निळी” एवढं जरी पुटपुटलात, तरी त्या दिवशीची आठवण वेगळी पडते आणि दिवसभर लक्षात राहते. माझा नवरा हे करतो. शेजारी त्याच्याकडे विचित्र नजरेनं बघतात. तीन वेळा जिना चढणाऱ्या बाईकडे मात्र कुणी तसं बघत नाही, हेही ध्यानात घ्या.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यानं आपल्या संप्रदायाचा आद्य पुरुष १८९० साली नोंदवून ठेवला आहे. अतिविसराळू माणसं रात्रीच्या मेजवानीसाठी कपडे बदलायला शयनगृहात जातात, एकेक कपडा उतरवतात आणि शेवटी पांघरूण घेऊन झोपून जातात, असं तो सांगतो. अहाहा! पहिली गुंडी सुटली की पुढची साखळी आपोआप सुटत जाते आणि पलंगापाशी संपते. मेजवानीचं काय झालं, कोण जाणे.

मला एवढी उंची गाठता आलेली नाही, पण प्रयत्न आहेत. आम्ही घर बदललं, त्यानंतर तीनेक आठवड्यांची गोष्ट. संध्याकाळी कामावरून निघाले होते. दुपारी एकजण मला काहीतरी लागट बोलला होता. तेव्हा सुचलं नाही, पण वाटेत त्याला द्यायचं उत्तर असं काही झकास सुचलं की मी त्यालाच धार लावत चालले होते. पायांनी मला जुन्या इमारतीत नेलं. बोटानं लिफ्टमधलं चारचं बटण दाबलं. हातानं किल्ली काढून कुलपात घातली. फिरेना. तेव्हाही मी संशय घेतला तो कुलपावर. “तेल घालायला हवं,” असं पुटपुटल्याचं चांगलं आठवतंय. दार आतून उघडलं. नवी भाडेकरू, विशीतली मुलगी, कानात इअरफोन. तिनं एका कानातला काढला.

“काकू, आज परत?”

चुकून आल्याची मला लाज वाटली नाही. पण ते “परत” मला आजही छळतं. आधीच्या खेपेचं मला काहीच आठवत नव्हतं. नव्या घरी पोहोचेपर्यंत ते झकास उत्तरही गेलं.

असो. दारांचा विषय निघालाच आहे, तर घरातल्या दारांचाही उपयोग करून घ्या. कात्री आणायला आतल्या खोलीत जावं, दोन्ही हात कमरेवर ठेवून मधोमध उभं राहावं, आपण का आलो याचा विचार करावा, कोपऱ्यातल्या कुंडीला पाणी घालावं आणि समाधानानं परत यावं. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल रॅडवान्स्की आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रयोगांतून दाखवलं की त्याच खोलीत तेवढंच अंतर चालण्यापेक्षा दार ओलांडल्यावर माणूस जास्त विसरतो. खोली बदलली की मेंदू आधीचं प्रकरण मिटवून नवं उघडतो म्हणे. पुढे दुसऱ्या काही संशोधकांनी हे पडताळून पाहिलं, तेव्हा नुसत्या दारानं फारसं काही झालं नाही. डोक्यावर आधीच बोजा होता तेव्हाच लोक गडबडले. म्हणून सांगते, दारावर विसंबू नका. बोजा सोबत ठेवा. कात्री आणायला जाताना हातात फोन असावा, फोनमध्ये कुणाचा तरी अर्धवट वाचलेला निरोप असावा आणि त्या निरोपात एखादं प्रश्नचिन्ह.

कुणी बोललंच, तर मान खाली घालू नका. हे अडाण्याचं काम नव्हे. नवशिक्याला असं विसरताच येत नाही. गाडी शिकणारा माणूस क्लच, गिअर, आरसा करत घामाघूम होतो. त्याला प्रत्येक वळण आठवतं. मुरलेला चालक मात्र ऑफिसच्या दारात उतरतो आणि मधला रस्ता त्याच्या आयुष्यातून गायब असतो. तो सिग्नल लाल होता की हिरवा, हे त्याला विचारू नये. मलाही विचारू नये. जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं लोकांना आपापल्या अशा चुकांच्या डायऱ्या लिहायला लावल्या, तेव्हा हेच दिसलं: ओळखीची जागा, सरावाचं काम आणि दुसरीकडे लागलेलं लक्ष, एवढं जुळून आलं की झालं.

या अभिमानाला एकच गालबोट आहे. १९३५ साली अमेरिकेत एक नवं बॉम्बर विमान चाचणीच्या उड्डाणात कोसळलं. चालवणारे चांगले कसलेले होते. जमिनीवर उभ्या विमानाच्या शेपटीचे, त्याला वळवणारे आणि वर-खाली नेणारे हलते भाग वाऱ्यानं हलू नयेत म्हणून लावलेला खटका काढायचा राहिला होता. त्यात माणसं गेली. त्यानंतर वैमानिकांनी काय करावं? उड्डाणाआधी काय काय तपासायचं याची यादी केली आणि ती कार्डावर लिहून समोर ठेवली. इतके अनुभवी लोक, आणि रोज नवशिक्यासारखे कार्ड वाचतात.

तुमच्या घरात अशी यादी आलीच, तर घाबरू नका. तिच्यावर उतारा आहे. सगळी कामं उरकून घ्यावीत, मग पेन घेऊन वरपासून खालपर्यंत एका दमात बरोबरच्या खुणा कराव्यात. यादी पूर्ण दिसते आणि गॅस चालूच राहतो.

गॅसवरून आठवलं. (बघा, आठवतंही कधी कधी.) विसरायला सगळ्यात उत्तम जागा म्हणजे कामाचं शेपूट. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण आपल्याच शास्त्रातली आहे. पाणी गरम झालं, पातेलं उतरवलं. शेगडीशी आता आपला काय संबंध? छायाप्रत हातात आली. मूळ कागद झाकणाखाली खुशाल पडू द्या. हवं ते मिळालं की मन चपला घालून मोकळं होतं. पैसे देणाऱ्या यंत्रांनी मात्र हे ओळखून आपल्याशी दगाफटका केला. आधी नोटा देणारी यंत्रं होती तेव्हा लोक नोटा घेऊन कार्ड तिथेच सोडून जात. म्हणून आता बहुतेक यंत्रं आधी कार्ड हातात देतात आणि मगच नोटा सोडतात. नोटा विसरून जाणं जमतं का ते बघा. अवघड आहे, पण अगदीच अशक्य नाही.

आता पुढच्या इयत्तेचा धडा: वस्तू नीट ठेवणं. इकडेतिकडे टाकलेली वस्तू कधी ना कधी दिसते. कायमची घालवायची असेल, तर ती “सांभाळून” ठेवली पाहिजे. जागा नवी हवी, विचारपूर्वक निवडलेली हवी आणि ठेवताना “इथे असली म्हणजे पटकन सापडेल” असं म्हटलेलं हवं. घराची जादा किल्ली मी अशीच ठेवली आहे. जागा इतकी सुरक्षित आहे की चोराचा बाप आला तरी सापडणार नाही. आम्ही तिघंही दोन वर्षं शोधतोय. या शोधात मुलीचा जन्मदाखला सापडला. तो मी त्याआधी असाच सांभाळून ठेवला होता.

फोनमध्ये आठवण लावायची असेल, तर जरूर लावा. फक्त मजकूर मोघम ठेवा. माझ्या फोनवर दर गुरुवारी पाच वाजता “ते कर” असं येतं. आवाज सुरू व्हायच्या आत अंगठा तो बंद करतो. “ते” काय होतं कोण जाणे, पण दर आठवड्याला आठवण होते.

तुमची प्रगती कितपत झाली हे मोजायची सोयही आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ब्रॉडबेंट आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली पंचवीस प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. दिवा बंद केला का, दार लावलं का हे तुम्ही विसरता का, अशा धर्तीचे प्रश्न, आणि गेल्या सहा महिन्यांत हे किती वेळा घडलं ते सांगायचं. म्हणजे जे विसरलात, ते किती वेळा विसरलात हे आठवून लिहा. मी प्रामाणिकपणे “कधीच नाही” असं लिहिलं आणि माझे गुण उत्तम आले.

एक गोष्ट मात्र थट्टा बाजूला ठेवून. किल्ली कुठे ठेवली हे आठवत नसेल, तर तुम्ही आमचे. किल्ली कशासाठी असते तेच आठवेनासं झालं, किंवा रोजच्या रस्त्यावर उभं राहून वाट कळेना, तर ते आमच्या वर्गाचं काम नाही. डॉक्टरांकडे जा, आणि सोबत कुणाला तरी न्या.

शेवटचा धडा “हं”चा. बोलणंही हातांसारखंच सरावानं आपोआप चालतं. समोरचा बोलायचा थांबला, की एक “हं”. आवाज चढला, की “हो ना”. प्रश्नासारखं काही वाटलं, तर “चालेल”. एवढ्या भांडवलावर संसार होतो. माझा झाला आहे. “अगं, मी तुला सांगितलं होतं, तू हं म्हणालीस” यावर माझ्याकडे उत्तर नसतं, कारण मी हं म्हणालेच असणार. याच भांडवलावर मी एकदा सोसायटीची चिटणीस झाले. कळलं ते पहिल्या सभेची सूचना माझ्याच सहीनं दारावर लागली तेव्हा.

हा लेख लिहिताना नवरा दोनदा दारातून डोकावून काहीतरी विचारून गेला. पहिल्यांदा मी हं म्हटलं. दुसऱ्यांदा बहुतेक चालेल म्हटलं. आता तो बाहेरच्या खोलीत बॅगा भरतोय. दोन आहेत. एकीवर माझा स्वेटर दिसतोय.