आईला शाल नको आहे

आज संध्याकाळी सोसायटीच्या गणेशोत्सवाची पत्रिका ग्रुपवर आली. आईचं गाणं त्यात नाही. खाली ‘ज्येष्ठ सभासदांचा सत्कार’ अशी ओळ आहे, पाच नावं आहेत आणि तिसरं नाव तिचं. मी लगेच कार्यक्रम बघणाऱ्यांना फोन लावला. पलीकडचा मुलगा वाईट नाही, नम्रपणे बोलला. म्हणाला, "ताई, काकूंचा मान राखायचा म्हणूनच केलंय. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतोय. शाल, श्रीफळ, फोटो, सगळं. गाण्यांना यंदा वेळ कमी आहे. आणि काकूंनी नाव दिलंय ‘तनहा तनहा’चं. ‘जिवलगा’ वगैरे असतं तर कुठेतरी बसवलं असतं."

कुठेतरी बसवलं असतं!

जेवणं झाली, ओटा आवरून झाला, तरी हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. म्हणून लिहायला बसले आहे. मोठं होईल, ज्यांना वेळ आहे त्यांनीच वाचा.

मी अकरावीत होते, सांगलीला. १९९५चा पावसाळा. ‘रंगीला’ अजून थिएटरला लागायचा होता, पण कॅसेट आली होती आणि कॉलेजात सगळ्यांच्या तोंडी तीच. मी बसच्या पासाचे पैसे मोडून ती आणली, घरी आल्याबरोबर स्वयंपाकघरातल्या टेपवर लावली. आई कणीक मळत होती. ‘तनहा तनहा’ सुरू झालं आणि अर्ध्या मिनिटात तिचे हात थांबले. "कोण गं ही नवीन मुलगी? छान आहे हं." मी कव्हरचा कागद उलगडून वाचला. आशा भोसले. आई म्हणाली, "नीट वाच." मी पुन्हा वाचलं. आई म्हणाली, "काहीतरीच. आशाताई साठीच्या पुढं गेल्या." आणि कणकेच्या हातानंच तिनं रिवाइंडचं बटण दाबलं. ती वाळलेली कणीक त्या बटणाच्या खाचेत टेप मोडीत निघेपर्यंत होती.

माझी आई आशाताईंचा आवाज ओळखू शकली नाही, ही गोष्ट साधी नाही. लग्नाआधी ती मिरजेच्या एका वाद्यवृंदात गायची आणि आशाताईंची गाणी तिच्याच वाट्याला असायची. ‘बुगडी’ तिनं इतक्या वेळा म्हटलेली की माझे मामा तिला त्यावरूनच चिडवायचे. शिवाय आम्ही सांगलीचे, आशाताईंचा जन्म सांगलीचा, म्हणजे आमच्याकडे त्या घरातल्याच. त्या बाईनं साठी ओलांडल्यावर असं काहीतरी केलं होतं की तिची आयुष्यभराची भक्तीण तिला नवीन मुलगी समजली.

आता तेव्हाचा काळ आठवा. १९४३ साली ‘माझं बाळ’ या मराठी चित्रपटात त्यांचं पहिलं गाणं आलं. म्हणजे ‘रंगीला’पर्यंत गाण्यात ५२ वर्षं झालेली. उमराव जान, इजाजत, दोन राष्ट्रीय पुरस्कार, सगळं होऊन गेलेलं. नायिकांचा आवाज म्हटलं की तेव्हा अलका याज्ञिक, कविता कृष्णमूर्ती. ४ जानेवारी १९९४ ला पंचमदा, म्हणजे आशाताईंचे पती, संगीतकार आर. डी. बर्मन, गेले. सगळ्यांनी मनातल्या मनात आशाताईंचा हिशेब मिटवून टाकला होता, हे आपण आज कबूल करणार नाही, पण टाकला होता. आमच्या घरी बातम्या बघताना काका म्हणालेले मला स्वच्छ आठवतंय, "आता संपलं. आता या बाई भजनं गातील."

वीस महिन्यांनी, ८ सप्टेंबर १९९५ ला, ‘रंगीला’ लागला. तारीख बघा. आशाताईंचा वाढदिवस, वय पूर्ण ६२. पडद्यावर २१ वर्षांची उर्मिला मातोंडकर आणि तिच्या गळ्यातून या. दुकानांतून, रिक्षांतून, लग्नाच्या हॉलमधून तीन-चार महिने दुसरं काही ऐकू येत नव्हतं. फिल्मफेअरनं त्यांना या गाण्यांसाठी खास पुरस्कार दिला. (‘माझं नाव आता नामांकनात धरू नका’ असं त्यांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटीच सांगून ठेवलेलं. तरी द्यावा लागला.)

मला राग कशाचा येतो सांगते. त्या वेळी त्यांना कुणी ‘मान’ म्हणून बोलावलं असतं, तर एक शाल मिळाली असती, दोन भाषणं झाली असती, आणि पुढच्या पिढीसाठी त्या फोटोत जाऊन बसल्या असत्या. ए. आर. रहमाननं त्यांना मान दिला नाही, काम दिलं. तेही सोपं काम नाही. तो तेव्हा २८ वर्षांचा. आशाताई ज्या पद्धतीत वाढल्या तिथे समोर शंभर वादक, एका दमात गाणं, चुकलं की सगळ्यांनी पुन्हा. आणि रहमानची पद्धत म्हणजे मद्रासचा घरचा स्टुडिओ, कानाला हेडफोन, अर्धवट तयार ट्रॅक, एकच ओळ दहा तऱ्हांनी म्हणून घ्यायची आणि त्यातली कुठली ठेवायची ते तो नंतर ठरवणार. पन्नास वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला असं सांगितलं तर आपल्यापैकी किती जण उठून जातील? मी गेले असते. माझ्या ऑफिसात मला नवीन सॉफ्टवेअर शिकवायला पंचविशीतला पोरगा आला तेव्हा मी आठवडाभर तोंड फुगवून होते.

रात्री आई स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. टेपचा आवाज अगदी बारीक, कान स्पीकरला. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर तिनं ते गाणं उतरवलं होतं आणि प्रत्येक ओळीत जिथे जिथे श्वास घेतलाय तिथे छोटी उभी रेघ मारली होती. ती वही अजून माझ्याकडे आहे. एका पानावर ‘म्हशीचं दीड लिटर’ आणि खाली अंतरा. एकदा मी पाणी प्यायला उठले तर म्हणाली, "हे बघ, पूर्वी त्या इथे हरकत घेतल्याशिवाय राहिल्या नसत्या. आता सोडून दिलीय. किती सोडलंय बघ त्यांनी." तेव्हा मला काही कळलं नाही. आज माझं वय तिच्या तेव्हाच्या वयापेक्षा दोन वर्षांनी जास्त आहे आणि मला कळतं की स्वतःला जे उत्तम येतं ते नव्या गाण्यासाठी खाली ठेवणं ही काय ताकद आहे.

हो, मान्य आहे, गाणं चाललं त्यात रहमानचा साउंड होता, उर्मिलाचा नाच होता, रामगोपाल वर्माचा कॅमेरा होता. आणि आशा भोसले हे नाव नसतं तर ६२ वर्षांच्या बाईला फोन कुणी केला असता, हाही प्रश्न आहे. बरं, असू दे. फोन आल्यावर गायचं तर त्यांनाच होतं ना?

आणि तो एकदाचा चमत्कार होता म्हणाल, तर तसंही नाही. ‘रंगीला’नंतर त्या थांबल्याच नाहीत. त्याच सुमारास उस्ताद अली अकबर खाँसाहेबांबरोबर जुन्या बंदिशींचा अल्बम केला, त्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. मग लेस्ली लुईसबरोबर ‘जानम समझा करो’, ते तर एमटीव्ही बघणाऱ्या पोरापोरींनी घेतलं. १९९८च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या चार्टवर कॉर्नरशॉप या बँडचं जे गाणं एक नंबरला गेलं, ते आशाताईंच्या नावाचं होतं. पुढे ‘ताल’, ‘लगान’, ‘कंपनी’. सत्तरीला टेकलेली बाई ‘खल्लास’ गात होती आणि लोक पैसे देऊन कॅसेट घेत होते.

पैसे देऊन. हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. आपल्या मित्रमंडळींत कलेबरोबर पैशाचं नाव काढलं की चेहरे वाकडे होतात. पण बाजारात विकलं जाणं म्हणजे कुणालातरी तुमची खरोखर गरज आहे. सत्काराला कुणाची गरज नसते. सत्कार फुकट असतो, दोन्ही बाजूंनी.

पंचमदांचंच घ्या. त्यांच्या शेवटच्या वर्षांत त्यांच्या आदराला काही कमी नव्हती. भेटेल तो पाया पडायचा. काम मात्र आटलं होतं. ‘१९४२ अ लव्ह स्टोरी’ मिळाला, त्यांनी जीव ओतून केला, आणि तो लागायच्या आधी ते गेले. वय अवघं ५४. ती गाणी घरोघरी वाजली, पुढच्या वर्षीचं फिल्मफेअर त्यांनाच, पण ते घ्यायला ते नव्हते. मग त्यांच्या नावानं नव्या कलाकारासाठी पुरस्कार सुरू झाला आणि पहिला मिळाला तो रहमानला. त्याच रहमाननं आशाताईंना ‘रंगीला’ दिला. हे लिहिताना माझे डोळे भरून आले आहेत, खरंच सांगते. गेलेल्या माणसाच्या नावाचा पुरस्कार ज्या हातात पडला, त्याच हातानं मागे राहिलेल्या माणसाला काम दिलं.

आणि हे फक्त आपल्याकडेच नाही. क्यूबाच्या हवानात १९९६ साली इब्राहिम फेरेर नावाचे गायक बूट पॉलिश करून चार पैसे मिळवत होते. वय ६९. तिथून त्यांना रेकॉर्डिंगला बोलावून आणलं आणि ‘बुएना विस्टा सोशल क्लब’ जगभर विकला गेला, त्याला ग्रॅमी मिळालं. त्याच अल्बमवर पियानो वाजवणारे रुबेन गोन्सालेस तर पंचाहत्तरीच्या पुढचे होते. त्यांना कुणी पहिल्या रांगेत खुर्ची दिली नव्हती, पियानोसमोरचं स्टूल दिलं होतं.

आईनं ते गाणं त्या वर्षीच्या कोजागिरीला गच्चीवर म्हटलं. वय ४५. मसाला दूध उकळत होतं, पोरं आकाशकंदिलाचे कागद कापत बसली होती. आईनं वही न घेता म्हटलं. टाळ्या पडल्या, पण आत्या सगळ्यांसमोर बोलली, "वहिनी, आता लेक कॉलेजात गेली. वयाला शोभेलसं म्हणावं जरा." बाबा काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. मला त्या क्षणी आईची लाज वाटली होती, हे आज तीस वर्षांनी पहिल्यांदा लिहिते आहे. मैत्रिणी होत्या माझ्या तिथे. मी खाली मान घालून दुधाचे पेले भरत राहिले.

दुसऱ्या दिवशी आई गप्प होती. मला वाटलं, संपलं. पण वही कपाटात गेली नाही, ओट्यावरच राहिली. दिवाळीनंतर ती आठवड्यातून दोनदा पेटीवाल्या गुरुजींकडे जायला लागली. वर्षभरानं घरात तीन मुली शिकायला येऊ लागल्या, मग सात, मग बारा. महिन्याला पन्नास रुपये फी. स्वतःच्या गळ्यावर मिळवलेले पैसे लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या हातात आले होते. त्यातून तिनं पहिली वस्तू घेतली ती नवा टेपरेकॉर्डर. आशाताईंना हे कधी कळणार नव्हतं. पण आमच्या घरात त्या एका कॅसेटमुळे एक बाई कामाला लागली, आणि बाबा गेल्यावर पुण्याला माझ्याकडे येईपर्यंत ते काम सुटलं नाही.

म्हणून मला शाल नको आहे. आईला नको आहे. त्या मुलावर मी मघाशी फार चिडले, ते बरोबर नव्हतं, त्यालाही दहा जणांना सांभाळायचं आहे, कार्यक्रम दोन तासांत उरकायचा आहे. आणि हेही खरं की आईचा आवाज आता काळी चारवर चढत नाही, काळी एकला उतरलाय, वरचा सा लागला तर लागतो. पण मग पंचाहत्तर वर्षांच्या बाईनं विरहाचंच का म्हणायचं? ‘जिवलगा’ अप्रतिमच आहे, ती तेही म्हणेल, डोळ्यांत पाणी आणेल तुमच्या. पण तिनं यंदा निवडलं आहे ते गाणं एका बासष्टच्या बाईचं आहे. वयाला शोभत नाही म्हणणाऱ्यांनी आधी ते गाणाऱ्या बाईचं वय तरी बघावं!

हे लिहिता लिहिता मी त्या मुलाला पुन्हा फोन केला. साडेदहा वाजले होते, तरी उचलला. मी म्हटलं, सत्काराच्या यादीतून आईचं नाव काढ. तो घाबरला, "काकू रागावल्या का?" मी म्हटलं, नाही रे, त्या वेळात पाच मिनिटं गाण्याला दे. थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ट्रॅक आहे का त्यांच्याकडे?"

आई आतल्या खोलीत आहे. तिला यातलं काही सांगितलेलं नाही, पत्रिकाही तिनं पाहिलेली नाही. मोबाइलवर तानपुरा लावून बसली आहे, मांडीवर दुधाच्या हिशेबाची तीच वही आहे आणि पेन्सिलीनं त्या जुन्या उभ्या रेघांच्या मध्ये आणखी रेघा मारते आहे. आता दम कमी पुरतो ना, म्हणून.

येत्या शनिवारी, संध्याकाळी साडेसात, आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये. ‘तनहा तनहा’चा कराओके ट्रॅक कुणाकडे खालच्या पट्टीतला असेल तर कृपया मला इनबॉक्स करा. आम्हाला मिळालेले सगळे मूळ पट्टीतले आहेत आणि तिला निदान चार स्वर खाली हवा आहे.