“पिशवी काढली की बाई सुटली” म्हणणाऱ्यांना

आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. वर हात जोडलेले, खाली “जास्तीत जास्त माता-भगिनींपर्यंत पोहोचवा”. असले मेसेज मी न वाचताच उडवते. पण चुलत बहिणीचा फोन आला, “ताई, माझ्यापण अंगावरून पांढरं जातंय. काढूनच टाकू का गर्भपिशवी?” वय 29, दोन लेकरं, दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. मग मात्र वाचावा लागला.

मेसेजचं म्हणणं असं: बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या सर्रास काढल्या जातात हे प्रकरण पेपरवाल्यांनी रचलं, बायका आपल्या मर्जीने काढतात. लेकरं झाली की पिशवीचा उपयोग नाही, ठेवली तर कॅन्सर होतो. काढली की पाळीची कटकट मिटते, ताकद टिकते. आणि शहरातल्या बायकाही काढतातच की.

आधी पेपरवाल्यांचं. 2019 मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली होती. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. शेकडा जवळपास 17. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये देशभराचं प्रमाण शेकडा 3 च्या आसपास येतं. दोन्हीकडचे वयोगट तंतोतंत जुळत नसतील, पण म्हणून एवढी तफावत भरून निघत नाही. हा आकडा सरकारदरबारचा आहे, कुठल्या वार्ताहराच्या डोक्यातला नाही.

आता मर्जी. एकाच धंद्यातल्या एवढ्या बायकांना एकच मर्जी कशी काय झाली, हे मेसेज लिहिणाऱ्याने एकदा उसाच्या फडात उभं राहून सांगावं. कुणी हात धरून टेबलावर झोपवलं नाही, कागदावर अंगठा बाईनेच दिला, एवढं मला कबूल करावं लागेल. पण त्या अंगठ्याच्या आधी काय काय होतं ते बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता. मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीवर. दोघांपैकी एकाने दिवस मोडला की खाडा, म्हणजे दंड, आणि तो उचलीत वाढतो. पाळी आली, पोटात कळा येतायत, तरी पहाटे उठून फड गाठायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं. राहायच्या कोपीला, म्हणजे झोपडीला, ना संडास ना मोरी. पाणी लांबून आणायचं, ते आधी पिण्याला आणि स्वयंपाकाला. पाळीचा कपडा धुवायला आडोसा नाही, चारचौघांत वाळत घालायची सोय नाही, मग तो अर्धा ओलाच पुन्हा घ्यायचा. असे पाच-सहा महिने काढल्यावर जंतुसंसर्ग नाही झाला तरच नवल.

मग गावी आल्यावर दुखणं असह्य झालं की बाई खाजगी दवाखान्यात जाते. ज्या तक्रारीला बहुतेक वेळा गोळ्यांचा कोर्स आणि नवऱ्याचेही उपचार पुरतात, तिथे सोनोग्राफी होते, “पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल” असं ऐकवलं जातं. घाबरलेली बाई हो म्हणते. ऑपरेशनचे पैसे कुठून? पुष्कळदा मुकादमाकडून, पुढच्या हंगामाच्या उचलीत. म्हणजे पिशवी जाते आणि ती काढल्याचं कर्ज फेडायला बाई पुन्हा त्याच फडात उतरते. याला मर्जी म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

कॅन्सरची भीती घालणं हा तर निव्वळ हरामखोरपणा आहे. पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे. तपासून घ्यावं, हे बरोबर. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर मुख्यतः एचपीव्ही या विषाणूमुळे होतो, तो व्हायला वर्षानुवर्षं लागतात आणि त्याआधीचे बदल तपासणीत सापडतात. तिशीनंतरच्या बायकांसाठी ही तपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमात आहे: पिशवीच्या तोंडाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून डाग पांढरा पडतो का ते बघतात. काही मिनिटांचं काम. ते कुणी त्या बाईला सांगत नाही, कारण त्यात बिल होत नाही.

“ताकद टिकते” म्हणे. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली तर पाळी कायमची जाण्याच्या सगळ्या तक्रारी तिशीतच येऊन बसतात: अंगातून वाफा, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं, पुढे हृदयविकाराचा धोका. अंडाशयं ठेवली तरी ती लवकर थकण्याची शक्यता राहते. आणि ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे जड उचलायचं नसतं. खाडा परवडत नाही म्हणून पिशवी काढलेल्या बाईला एवढी रजा कोण देणार?

शहरातल्या बायका काढतात, हो. मोठ्या गाठी, औषधाने न थांबणारा रक्तस्राव, अंग बाहेर येणं, प्रत्यक्ष कॅन्सर, अशा वेळी हे ऑपरेशन लागतं आणि जीवही वाचवतं. त्याबद्दल कुणाचं भांडण नाही. भांडण आहे ते औषध न देताच थेट ऑपरेशनवर येण्याचं. हे फक्त बीडातही नाही. बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या अशाच ऑपरेशनांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2023 मध्ये न्यायालयाने अनावश्यक ऑपरेशनं रोखणाऱ्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना राज्यांना लागू करायला सांगितल्या. तेही पेपरवाल्यांनीच रचलं काय?

ज्या बाईला “काढून टाक” असं सांगितलंय तिने सोनोग्राफीचा कागद आपल्या हातात घ्यावा, आधी कोणतं औषध देऊन बघितलं ते विचारावं, अंडाशयं ठेवणार की काढणार ते विचारावं, आणि तोच कागद घेऊन जिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोग विभागात दाखवावं. उद्याच ऑपरेशन करा म्हणून घाई करणारा असेल, तर तिथे जाणं जास्तच गरजेचं.