वैनींच्या कामाची नोंद

कोल्हापुरातल्या निधन वार्तेचा साचा ठरलेला आहे. नाव, वय, 'धार्मिक व मनमिळाऊ स्वभाव', पश्चात मुले, सुना, नातवंडे आणि शेवटी रक्षाविसर्जनाची वेळ. पंच्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात घर आणि गल्ली दोन्ही सांभाळलेल्या बाईनं नेमकं काय केलं, ते त्यात कुठंच येत नाही. 'लाडकी बहीण'च्या 1500 रुपयांवरून 2024 पासून गावाकडं वाद चालू आहे. गृहिणीच्या कामाचं मोल पैशात करावं का, हा वाद तर जुनाच. इंग्लंडात बसून हे सगळं वाचताना वाटतं, मोल ठरवायचं तर आधी नोंद हवी, आणि तीच आपण ठेवत नाही.

हे काम किती असतं ते पुरात दिसतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट; 2019 आणि 2021 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं. सुतारवाडा, चिखली, आंबेवाडीची माणसं शाळांत, मंगल कार्यालयांत येतात आणि आसपासच्या गल्लीतल्या बायका परात घेऊन बसतात. पाचशे माणसांना दोन-दोन म्हटल्या तरी हजार भाकऱ्या. किलोभर ज्वारीच्या पिठाच्या दहा-बारा होतात, म्हणजे पंच्याऐंशी ते शंभर किलो पीठ लागलं. एक थापणारी, एक भाजणारी अशी जोडी तासाला तीसेक भाकऱ्या काढते. दहा जोड्या बसल्या तरी तीन तासांच्या वर जातात. पीठ जुनं असलं की जिगी, म्हणजे चिकटपणा, नसते, थापतानाच भाकरी कडेनं चिरते. जाणती बाई मग आधणाचं पाणी घालून मळते. गरम भाकऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरल्या तर वाफ धरून संध्याकाळपर्यंत वास मारतात, म्हणून आधी सुती कापडावर पसरून निववायच्या आणि मग कागदात बांधायच्या. सोबत आमटी द्यायची नाही, ती दमट हवेत टिकत नाही. खर्डा नाहीतर शेंगदाण्याची सुकी चटणी, ओलं खोबरं न घालता. महिला मंडळाचं हळदीकुंकू आणि तालमीचा महाप्रसाद यांत चाळीस वर्षं काढलेल्या वैनींना हे कुणी सांगावं लागत नाही. आणि हे सगळं घरचा स्वयंपाक उरकून. 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात जाणारा वेळ दिवसाला सरासरी 289 मिनिटं आहे, ते करणाऱ्या पुरुषांचा 88.

इंग्लंडात घरी राहून मूल वाढवणाऱ्या आईच्या नावावर, बालभत्त्याचा अर्ज केलेला असेल तर, मूल बारा वर्षांचं होईपर्यंत पेन्शनची वर्षं जमा होतात. पूर्ण सरकारी पेन्शनला साधारण 35 वर्षं लागतात, त्यामुळं ही वर्षं मोठी असतात. आई नोकरीला गेली आणि पेन्शनच्या वयाच्या आतली आजी नातवंड सांभाळते, तर आईच्या नावावरचं ते वर्ष आजीकडं वळवता येतं. अर्ज मात्र आर्थिक वर्ष संपल्यावर करायचा. कागद अपुरा राहिला की इथंही बाईच बुडते. 2000 पूर्वीच्या बालभत्त्याच्या अनेक अर्जांवर नॅशनल इन्शुरन्स क्रमांक, म्हणजे ज्यावर पेन्शनची वर्षं जमा होतात तो, नव्हताच. घरी घालवलेली वर्षं त्यामुळं खात्यावर चढली नाहीत आणि हजारो आयांना पेन्शन कमी मिळाली. 2023 मध्ये सरकारनं पत्रं पाठवून ते दुरुस्त करायला घेतलं.

इथलं सगळंच उचलावं असं मी म्हणणार नाही. मुलांसोबत किंवा आजारी माणसांसोबत स्वयंसेवा करायची तर बहुधा आधी पोलीस नोंदींची तपासणी होते. कारण योग्य आहे, पण त्यात दिवस जातात. पाणी चढायला लागल्यावर तासाभरात परात घेऊन येणारी शेजारीण मला कोल्हापुरातच ठाऊक आहे. आपल्याकडं कमी पडतं ते नंतरचं. 'लाडकी बहीण' 65 व्या वर्षी थांबते. पुढं श्रावणबाळ योजना आहे, पण तिला कुटुंबाच्या वार्षिक 21,000 रुपये उत्पन्नाची अट. पोराला बरी नोकरी असली की बाई दोन्हींतून बाहेर.

सरकार करील तेव्हा करील, मंडळांना आजही सुरुवात करता येईल. भिशीच्या आणि बचत गटाच्या वहीत या बायका रुपयाचा हिशेब चुकू देत नाहीत. त्याच हातानं दुसरी वही घालावी: तारीख, नाव, काम, किती तास, पदरचं काय गेलं. पदरचं म्हणजे गॅस, तेल, रिक्षाभाडं. ते त्याच आठवड्यात मंडळाच्या वर्गणीतून परत द्यावं, कारण महिना उलटला की बाई 'राहू दे' म्हणते. खाली दोघींच्या सह्या, एकीची पुरत नाही. वर्षाअखेर ज्या त्या बाईला तिच्या तासांचा दाखला मंडळाच्या शिक्क्यासह द्यावा.

अपघात विम्याचंही बघावं. ओल्या फरशीवर उकळतं आधण उचलणाऱ्या बाईला तो हवाच. पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला 20 रुपयांत अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला 2 लाखांचा आहे, वय 18 ते 70. हप्ता मे अखेरीस बँक खात्यातून आपोआप कापला जातो आणि खात्यात तेवढेही नसले तर संरक्षण बंद पडतं, म्हणून मे महिन्यातच मंडळानं सगळ्यांची पासबुकं तपासून घ्यावीत. सत्तरीपुढच्या वैनींना यात जागा नाही. त्यांच्यासाठी मंडळानं विमा कंपनीकडं गट अपघात पॉलिसीची चौकशी करावी आणि वयाची अट आधी लेखी विचारून घ्यावी.