टेम्पोचे सात पाटे आणि सैल झालेलं कपाट : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॅम्पर ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराच्या, पाट्यांवर (चासी आणि अॅक्सलमधल्या स्प्रिंगच्या पट्ट्यांवर) लिहिलेल्या लेखात मी म्हटलं होतं की भरून ७०० किलो होणाऱ्या ट्रेलरला प्रत्येक बाजूला ५० बाय ६ चे (५० मिमी रुंद, ६ मिमी जाड) पाच पाटे पुरेत. तुमचं म्हणणं असं, की बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्याला हे पाच पाटे एक पावसाळाही काढणार नाहीत. तुम्ही मालवाहू टेम्पोचे ६० बाय ८ चे सात पाटे बसवलेत, डोळा ते डोळा (दोन टोकांच्या वळवलेल्या भोकांमधलं अंतर) एक मीटर, आणि दोन वर्षांत एकही तुटलेला नाही. उसाच्या ट्रॉलीवाले पाटा वाढवतात ते काय उगीच? शिवाय लेखात शॉकअपबद्दल अवाक्षर नाही आणि सगळा हिशेब पुस्तकी आहे.

आधी माझी चूक कबूल करतो, कारण ती तुमच्या आरोपापेक्षा मोठी आहे. ‘पाच पाटे’ लिहिलं आणि लांबी लिहायची राहिली. लांबीशिवाय पाट्यांची संख्या सांगणं म्हणजे घेर न विचारता विहिरीची खोली सांगण्यासारखं झालं. पाट्याचा कडकपणा लांबीच्या घनाने कमी होतो आणि जाडीच्या घनाने वाढतो. रुंदी आणि संख्या मात्र सरळ हिशेबात येतात. ५० बाय ६ चे तेच पाच पाटे डोळा ते डोळा ६५० मिमी असले तर एक मिमी दाबायला सुमारे १०५ न्यूटन लागतात. ८०० मिमी असले तर ५६. स्टील तेच, संख्या तीच, लांबी फक्त १५० मिमी जास्त, आणि कडकपणा जवळपास निम्म्यावर. माझ्या मनात ८०० चे पाटे होते. कुणी लेख वाचून ६५० चे घेतले असतील तर ट्रेलर दगडासारखा चालत असणार. त्यांची माफी.

सूत्र एकदाच देतो. २,००,००० या आकड्याला ८ ने, पाट्यांच्या संख्येने, रुंदीने आणि जाडीच्या घनाने गुणायचं. येईल त्याला लांबीच्या घनाच्या तिपटीने भागायचं. मापं सगळी मिमीमध्ये. उत्तर येतं एक मिमी दाबायला लागणारे न्यूटन. दुसरा पाटाही पूर्ण लांबीचा असेल तर प्रत्यक्षात थोडं जास्त भरतं, पण निवड करायला एवढं पुरतं.

आता तुमचे सात पाटे. याच सूत्राने ते ११५ न्यूटनला येतात. ट्रेलर भरून ७०० किलो. त्यातले ६० किलो हुकवर, म्हणजे अॅक्सलवर ६४० उरले. त्यातून अॅक्सल, हब, चाकं आणि पाट्यांचं निम्मं वजन, असे ९० किलो वजा करायचे, कारण ते पाट्यावर बसतच नाहीत. राहिले ५५०, एका बाजूला २७५ किलो, म्हणजे सुमारे २,७०० न्यूटन. एवढ्या वजनाखाली तुमचा पाटा २३-२४ मिमी दबतो. ८०० चे पाच पाटे ४८ मिमी दबतात.

हा दबण्याचा आकडाच सगळं सांगतो. पाटा जितका दबलेला असतो, तितकंच तो चाकाला खड्ड्यात खाली सोडू शकतो. २४ मिमीच्या पुढे तुमचं चाक अधांतरी लोंबतं आणि मग अख्खा ट्रेलर वरून आपटतो. दगड आला तर उलट बाजूने तेच. वेगात असताना चाक २५ मिमी उचललं गेलं, तर ट्रेलरला वर जायला वेळ मिळत नाही, सगळी हालचाल पाट्यालाच घ्यावी लागते. तुमच्या पाट्यातून चासीला २,८७५ न्यूटन जादा लागतात, म्हणजे मूळ भाराच्या दुप्पट धक्का. ५६ च्या पाट्यातून १,४०० जादा, म्हणजे दीडपट. दिवसभरात असे दगड किती येतात ते चोर्ला घाटाच्या वाटेवर मोजायची गरज नाही.

म्हणून ‘एकही पाटा तुटला नाही’ हे वाक्य मला पटतं, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष पटत नाही. तुमच्याच प्रतिक्रियेत खाली दोन ओळी आहेत. कपाटाच्या बिजागऱ्यांचे स्क्रू सारखे सैल होतात, ‘सुतारकाम कच्चं’. आणि गाडीला जोडायचा दांडा चासीला जिथे मिळतो तिथलं वेल्डिंग एकदा परत मारून घ्यावं लागलं, ‘वेल्डर नवखा’. दादा, सुतार आणि वेल्डर दोघेही निर्दोष असण्याची शक्यता बरीच आहे. जो मार पाट्याने गिळायचा, तो पाटा पुढे ढकलतो आणि साखळीतली सगळ्यात कच्ची जागा तो खाते. कडक पाट्याच्या ट्रेलरला तुटतात त्या जागाही ठरलेल्या असतात. दांड्याचा सांधा, पाट्याचे ब्रॅकेट जिथे चासीला लावलेत तिथली वेल्डिंगची कड, पाण्याच्या टाकीचे पट्टे आणि प्लायवूडमधला प्रत्येक स्क्रू. दांड्याचं वेल्डिंग पुन्हा मारलं असेल तर त्याच्या कडेला, जिथे वेल्ड संपून मूळ लोखंड सुरू होतं तिथे, केसाएवढी गंजाची लाल रेघ दिसते का बघा. दिसली तर ती चीर आहे. वरून आणखी वेल्ड चढवून ती जात नाही. घासून मुळापर्यंत काढून मगच भरावी लागते.

उसाच्या ट्रॉलीचा दाखला मात्र इथे लागू नाही. ट्रॉली रिकामी दीड-दोन टन, कारखान्याला निघाली की आठ-दहा टन. वजन चार-पाच पट होणार असेल तर पाटा भरलेल्या वजनाचाच घ्यावा लागतो, रिकामी उडाली तर उडू दे. ट्रॉलीत फुटण्यासारखं काही नसतं. कॅम्परचं तसं नाही. रिकामा ५२०, भरलेला ७००, आणि हा फरकही मुख्यतः पाणी, गॅस आणि किराण्याचा. ज्याचं वजन फारसं बदलतच नाही, त्याला त्या वजनाला मापून पाटा देता येतो. ही सोय ट्रॉलीवाल्याला नाही.

हिशेब पुस्तकी म्हणालात. वजन कुठे मोजायचं, हाही तुमचा प्रश्न आहे. हायवेला कुठल्याही वजनकाट्यावर. ट्रेलर भरून न्या, पाण्याची टाकी आणि सिलिंडरसकट. गाडीला जोडलेलाच ठेवा, गाडी काट्याच्या बाहेर आणि ट्रेलरची चाकं काट्यावर, की अॅक्सलचं वजन मिळालं. मोठा काटा पाच-दहा किलोच्या टप्प्याने दाखवतो, त्यामुळे हुकचं वजन तिथे मोजू नका. त्यासाठी भुसारच्या दुकानातला प्लॅटफॉर्म काटा बरा. त्यावर लाकडाचा ठोकळा उभा करा, हुकची उंची गाडीला जोडल्यावर असते तेवढीच ठेवून त्यावर दांडा टेकवा. एकूण वजनाच्या ८ ते १० टक्के यायला हवं. जमलं तर दोन्ही चाकं वेगवेगळी मोजा. स्वयंपाकाची बाजू, १०० अँपिअर-अवरची बॅटरी आणि सिलिंडर एकाच अंगाला असले तर ४०-५० किलोचा फरक सहज निघतो. त्यावर एका बाजूला पाटा वाढवायचा नसतो, बॅटरी पलीकडे हलवायची असते.

पाट्याचा कडकपणा सिमेंटच्या पोत्यांनी मोजता येतो. सपाट जागा, दांडा स्टँडवर, ट्रेलर लेव्हलला. दोन्ही बाजूंना अॅक्सलच्या वरच्या अंगापासून चासीच्या खालच्या अंगापर्यंत अंतर मोजून खडूने लिहून ठेवा. मग ५० किलोची चार पोती बरोबर अॅक्सलच्या वर ठेवा. पुढे-मागे सरकली तर वजन दांड्यावर जातं आणि आकडा खोटा येतो. एका बाजूला १०० किलो, म्हणजे ९८१ न्यूटन. पुन्हा मोजा. त्यानंतर आणखी दोन पोती ठेवा, ती काढून घ्या आणि तिसऱ्यांदा मोजा. पहिल्यापेक्षा हे माप जास्त दबलेलं दिसेल, कारण पाटे एकमेकांवर घासतात आणि सोडताना अडतात. चढवताना १५ मिमी, उतरवताना २० आलं, तर मधला १७.५ धरा. ९८१ भागिले १७.५, म्हणजे ५६. या दोन आकड्यांतलं अंतर म्हणजे तुमच्या पाट्यांमधलं घर्षण, आणि इथूनच शॉकअपचा विषय निघतो.

तो मुद्दा शंभर टक्के तुमचा. सात पाट्यांच्या गठ्ठ्यात घर्षण इतकं असतं की हेलकावा आपोआप मरतो, छोट्या खडीवर तर पाटा हलतही नाही. पाटे कमी केले की घर्षण कमी होतं, ट्रेलर मऊ चालतो, पण हंपनंतर दोन-तीनदा डुलतो. त्यामुळे मऊ पाट्याला शॉकअप हवाच, लेखात हे यायला हवं होतं. प्रत्येक चाकाला एक. मारुती ओम्नीच्या मागच्या बाजूला पाटे आणि शॉकअप दोन्ही असतात आणि वजनही जवळपासच्या पट्ट्यातलं, त्यामुळे त्या जातीचे नवे घ्यावेत. भंगारातले तेल गळलेले नकोत. शॉकअप जितका उभा तितका चांगला. ३० अंश कलला तर त्याचा जोर पाऊण राहतो, ४५ अंशाला निम्माच. आणि पाटा पूर्ण दबला तरी शॉकअप आतून ठोकता कामा नये, त्याआधी रबरी बंपस्टॉप (अॅक्सलला अडवणारा रबराचा ठोकळा) लागला पाहिजे. भरलेल्या ट्रेलरला अॅक्सल आणि बंपस्टॉपमध्ये ६० मिमी जागा ठेवा. एवढ्यात पाच पाट्यांवरचा ताण ८१० न्यूटन प्रति चौरस मिमीपर्यंत जातो, नीट पाणी दिलेलं स्प्रिंग स्टील तो झेलतं. बंपस्टॉपच नसेल तर तुमची भीती खरी ठरेल, पाच पाटे पावसाळा काढणार नाहीत.

तरीही पाटा तुटतो तो बहुतेक वेळा मधोमध, सगळे पाटे ओवून धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकातून. तिथे दोष सहसा संख्येचा नसतो, गठ्ठा अॅक्सलला आवळणारा यू-बोल्ट सैल असतो. यू-बोल्ट घट्ट असेल तोवर तो भाग अॅक्सलशी एकजीव राहतो. सैल झाला की सगळी वाकण त्या भोकाशी येते, आधी सेंटर बोल्ट कापला जातो, मग पाटा. १२ मिमीच्या यू-बोल्टला ६०-७० न्यूटन-मीटर टॉर्क द्या आणि नवीन बसवल्यावर पहिल्या ५० किलोमीटरला, मग ५०० ला पुन्हा ओढा. दुसरं कारण गॅसची ज्योत. बसलेल्या पाट्याला तापवून बाक दिला की त्याचं पाणी उतरतं, महिन्याभरात तो पुन्हा बसतो. पाट्यांमध्ये ग्रीस भरायची सवयही आपल्याकडच्या लाल धुळीत महागात पडते. ग्रीस आणि धूळ मिळून पॉलिशपेपर तयार होतो. टोकांना प्लॅस्टिकचे पॅड टाका, ते पुरे.

आता तुमच्या पाट्यांचं काय करायचं? फेकू नका. सातातले तीन काढा. मेन पाटा (डोळे असलेला, सगळ्यात लांब) आणि दुसरा ठेवायचा, उरलेल्यांतले असे दोन ठेवायचे की पायऱ्या साधारण सारख्या पडतील. सगळे आखूड काढून टाकले तर टोकाशी उडी राहते आणि दुसरा पाटा त्या पायरीवर मोडतो. चार पाट्यांचा कडकपणा ६५-६६ न्यूटन येतो, दबणं ४१ मिमी, ताण निवांत. तीनवर ते माझ्या पाचांपेक्षाही थोडे मऊ होतील, पण मेन पाटा गेला तर आधार फार कमी उरतो. घाटात मी चारच्या खाली जाणार नाही. सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट दोन्ही नवे घ्या. गठ्ठा २४ मिमीने पातळ होतो, जुन्यांचे आटे तेवढे खाली पुरणार नाहीत. क्लिपाही नव्या मापाने वळवून घ्या. अॅक्सल पाट्याखाली असेल तर ट्रेलर एकूण ४० मिमीच्या आसपास खाली येईल, हुकची उंची तेवढी जुळवा, आणि चाक मडगार्डला लागत नाही ना, तेही बघा.

शॅकलही, म्हणजे पाट्याचं मागचं टोक चासीला जोडणारी झुलती पट्टी, तपासा. पाटा दबून सरळ होतो तसा लांब होतो. एक मीटरच्या पाट्याला ९० मिमी बाक असेल तर पूर्ण सपाट होईपर्यंत डोळ्यांमधलं अंतर वीस-बावीस मिमी वाढतं. भरलेल्या ट्रेलरला शॅकल मागे कललेला हवा. सरळ उभा किंवा पुढे झुकलेला असला तर खड्ड्यात चाक लोंबताना उलटू शकतो. आडवा पडत आला असेल तर चासीला ठोकेल. दोन्हीला उपाय एकच, मागचं ब्रॅकेट सरकवणं, आणि ते पाटे काढलेले असतानाच करून घेतलं तर मजुरी वाचते.

आणि पोती आणलीच आहेत तर आता सातवर एकदा आणि चारवर एकदा, दोन्ही मापं घ्या आणि इथे टाका. सातवर साडेआठ मिमी आणि चारवर पंधराच्या आसपास यायला हवं. फार वेगळं आलं तर पाट्याची जाडी कॅलिपरने मोजा. ८ ऐवजी ७ निघाली तर कडकपणा एक-तृतीयांशाने कमी भरतो, आणि मग वरचे तुमच्या पाट्यांचे सगळे आकडे मला पुन्हा मांडावे लागतील.